सहाचा आठ

वडिलांनी कारभार दिला तो मार्चमध्ये,
एव्होरातल्या नोटरीसमोर, चौदा सह्या करून.
किल्ल्या दिल्या, शिक्का दिला, बँकेतल्या बाईचा नंबर दिला.
खुर्चीचं तेवढं राहिलं.
रोज साडेसातला येऊन तिच्यात बसायचे
आणि मी खिडकीशी उभ्यानं कॉफी प्यायची.

आमचा धंदा बुचाचा.
ओकाची साल काढायची, तीही दर नवव्या साली,
आणि सोललेल्या लाल बुंध्यावर पांढऱ्या रंगात
त्या वर्षाचा शेवटचा आकडा घालायचा.
झाड आपली थकबाकी अंगावर घेऊन उभं राहतं.
पणजोबांनी लावलेलं आजोबांनी सोललं.
वडिलांनी लग्नाच्या वर्षी लावलेलं
अजून बाटलीच्या तोंडी लागत नाही.
या धंद्यात घाई करणारा
नेहमी दुसऱ्याच्या वाटची घाई करतो.

जूनमध्ये ओढ्याकाठचं रान काढलं.
दोनशे अकरा झाडं, सगळ्यांवर सहा.
कुस्तोदियूनं कुऱ्हाड घातली, मनगट वळवलं,
आणि थांबला.
त्याचा बाप माझ्या आजोबांकडे सोलणीला होता.
त्याला सभेत मत नाही, कागदावर हिस्सा नाही,
पण कुऱ्हाडीच्या आवाजावरून साल ओळखतो,
दोन्ही अर्थांनी.
"सोडत नाही, दोना देल्फिना. हा सहा नाही."
"मग?"
त्यानं टोपी काढली.
"रंग मी दिला होता. आकडा मालकांनी सांगितला."

रात्री वडील रेडिओची बॅटरी बदलत होते.
"आठच होता," म्हणाले, मान वर न करता.
"शेवटचा हप्ता यंदा येणार हे तेव्हाच दिसत होतं.
तुझ्यासाठी दोन वर्षं आधीच काढून ठेवली.
तू बसशील तेव्हा हाताशी काहीतरी असावं."
काय बोलणार होते मी?
बापानं लेकीसाठी चोरी केली,
तीही लेकीच्याच कणगीतून.
रेडिओ लागला. कुठेतरी फुटबॉल चाललं होतं.

रविवारी सभा. मतं सात.
बेन्व्हिंदा आत्या लिस्बनहून, पायाला प्लास्टर.
ओताविओ झुरिकहून, पडद्यावर,
त्याच्यामागे कुणाचं तरी कुत्रं अंग खाजवत.
मी ठराव वाचला:
ओढ्याकाठची सोलणी यंदा नाही,
दोन वर्षं लाभांश नाही,
हप्त्यासाठी स्टेशनजवळचं गोदाम विकायचं.
का, ते मी सांगितलं नाही.
यालाही खोटं म्हणतात का, ते अजून ठरत नाही माझं.

"झाडांवर सहा आहे," ओताविओ म्हणाला,
"माझ्याकडे फोटो आहे."
सगळ्यांनी वडिलांकडे पाहिलं. सवयच ती.
मीही पाहिलं.

तीन हात वर, तीन मांडीवर.
मग वडिलांचा हात उठला, कापत कापत,
आणि कानाशी येऊन अडला.
मत देत होते की टोपी चाचपत होते,
देव जाणे.
इतिवृत्त लिहिणाऱ्या माझ्या भाच्यानं पेन उचललं.
"लिहू?"
"लिही," मी म्हणाले.

सोमवारी पहाटे रंगाचा डबा घेऊन रानात गेले.
आमच्या आकड्यांचं एक बरं आहे,
सहाच्या शेंड्याला आणखी एक वेढा दिला
की आठ होतो. खोडावं लागत नाही.
पण नवा रंग जुन्यापेक्षा पांढरा असतो,
ज्याला बघायचं त्याला दिसतं.

चाळीसेक झाडं झाली तेव्हा मागून पावलं वाजली.
वडील. हातात जुना ब्रश, केस दगडासारखे वाळलेले.
"खालून सुरू करायचं होतंस.
ओढ्याकडची बाजू लवकर सुकत नाही."
मी वरचीच ओळ पुढे चालवली.
ते बराच वेळ उभे राहिले.
मग कुस्तोदियूला हाक मारून टर्पेंटाइन मागितलं
आणि खालच्या ओळीकडे उतरले,
एकेका बुंध्याला हात टेकत.

साडेसात केव्हाच वाजून गेले होते.